विश्लेषण : ट्रॅप, स्कीट, डबल ट्रॅप... तबकडी तीच, मग खेळ वेगळा कसा? आणि भारताने कशावर भर द्यावा?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ रोजी महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नारुका ही भारतीय जोडी मिश्र सांघिक स्कीट प्रकारात कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४३-४४ अशी पराभूत झाली. ४८ तबकड्यांच्या लढतीत फरक होता अवघ्या एका तबकडीचा. ‘थोडक्यात हुकले, पुढच्या वेळी नक्की’ अशी त्या दिवशीची सर्वसाधारण प्रतिक्रिया होती. मात्र पुढची वेळ येणारच नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात मिश्र सांघिक स्कीट नाही, त्याच्या जागी मिश्र सांघिक ट्रॅप आहे. बंदूक तीच, उडणारी तबकडीही तीच, मग स्कीटवाल्यांनी ट्रॅप खेळावे की, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या खेळांच्या रचनेत दडले आहे. आणि ते समजून घेतल्याशिवाय शॉटगनमध्ये भारताचे काय चुकते, हेही कळणार नाही.

तबकडी म्हणजे नेमके काय?

या खेळाची सुरुवात जिवंत कबुतरांपासून झाली. पेटीत कोंडलेले कबूतर दोरी ओढून मोकळे सोडायचे आणि ते उडाले की बार टाकायचा, असा हा युरोपातील उमरावांचा खेळ होता. त्या पेटीला ‘ट्रॅप’ म्हणत, तेच नाव पुढे खेळाला चिकटले. १९०० साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिकच्या निमित्ताने जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाल्याची नोंद आहे. कबुतरांऐवजी काचेचे गोळे वापरून झाले आणि १८८० मध्ये अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की यांनी चकतीच्या आकाराची मातीची तबकडी आणली. त्यामुळे आजही तिला ‘क्ले’ म्हणजे माती म्हणतात, प्रत्यक्षात ती आता चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ मिसळून बनते. ऑलिम्पिकच्या तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन साधारण १०५ ग्रॅम असते. म्हणजे आकाराने चहाच्या बशीपेक्षाही थोडी लहान.

बंदूक १२ बोअरची, बहुतेक वेळा एकावर एक दोन नळ्या असलेली. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम शिसे. छर्रा २.४ मिलिमीटरचा धरला, तर एका काडतुसात साधारण ३०० छर्रे बसतात. रायफलमधून एकच गोळी सुटते आणि लक्ष्य स्थिर असते. इथे छर्ऱ्यांचा ढग सुटतो आणि लक्ष्य पळत असते. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा जरी उडाला तरी गुण मिळतो. दहा गुणांचे वर्तुळ, दशांश गुण असला हिशेब नाही. फुटली तर एक, नाही तर शून्य.

ट्रॅपमध्ये काय होते?

ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर पळते. नेमबाजांच्या पुढे १५ मीटरवर जमिनीखाली एक बंकर असतो. त्यात तबकडी फेकणारी १५ यंत्रे, तीन-तीनच्या पाच गटांत बसवलेली असतात. मागे एका रेषेत नेमबाजांची पाच स्थाने. सहा जणांची तुकडी एक-एक बार टाकत उजवीकडे सरकत राहते. नेमबाजाने आवाज दिला की त्याच्या समोरच्या तीन यंत्रांपैकी कोणते तरी एक तबकडी फेकते. कोणते, हे त्याला ठाऊक नसते. तबकडी डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कोणत्याही कोनात जाऊ शकते, कमी-जास्त उंचीने उडते आणि अडवली नाही तर सुमारे ७६ मीटरवर जाऊन पडते.

२५ तबकड्यांच्या फेरीत प्रत्येकाला डावीकडच्या १०, उजवीकडच्या १० आणि सरळ जाणाऱ्या पाच तबकड्या मिळतात. त्यामुळे अन्याय कोणावर होत नाही, फक्त क्रम माहीत नसतो. बंदूक आधीच खांद्याला लावून उभे राहता येते आणि एका तबकडीवर दोन बार टाकण्याची मुभा असते. पात्रता फेरी १२५ तबकड्यांची. पॅरिसमध्ये सहा जणांच्या अंतिम फेरीत मात्र एका तबकडीला एकच बार होता. म्हणजे दिवसभर खिशात असलेला राखीव बार नेमका पदकाच्या वेळी काढून घेतला जातो.

आणि स्कीटमध्ये?

स्कीटचे मैदान अर्धवर्तुळाकार असते. त्याच्या दोन टोकांना दोन खोल्या. डावीकडच्या उंच खोलीतून तबकडी जमिनीपासून सुमारे तीन मीटरवरून सुटते, उजवीकडच्या ठेंगण्या खोलीतून सुमारे एक मीटरवरून. नेमबाज अर्धवर्तुळावरील सात स्थानांवर आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या आठव्या स्थानावर क्रमाने उभा राहतो. तबकड्यांचा मार्ग दर वेळी तोच असतो. कोणत्या स्थानावर कोणती तबकडी येणार, एकेरी की जोडीने, हेही आधीच ठरलेले असते.

मग सोपे झाले का? नाही. कारण ऑलिम्पिक स्कीटमध्ये तीन अटी आहेत. आवाज देताना बंदुकीचा दस्ता कमरेच्या पातळीवर असला पाहिजे. त्यासाठी जाकिटावर खुणेची पट्टीच लावलेली असते. दुसरी अट म्हणजे आवाज दिल्यानंतर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटेल. आणि तिसरी अट, एका तबकडीला एकच बार. जोडीच्या तबकड्यांत एक फोडून होईस्तोवर दुसरी उलट दिशेने समोरून जात असते.

या खेळाचा जन्म १९२० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरमध्ये झाला. शिकाऱ्यांनी सरावासाठी पूर्ण वर्तुळावर, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे स्थाने आखली होती. शेजारच्या जागेत कोंबड्यांचे खुराडे आले आणि त्या बाजूला बार टाकणे धोक्याचे झाले. मग वर्तुळ अर्धे कापले आणि समोर दुसरे यंत्र बसवले. आजचे अर्धवर्तुळ त्या कोंबड्यांची देणगी आहे. स्कीट ऑलिम्पिकमध्ये आला १९६८ मध्ये.

डबल ट्रॅप कुठे गेला?

भारतीयांच्या सर्वाधिक ओळखीचा प्रकार हाच होता. यात बंकरमधून एकाच वेळी दोन तबकड्या सुटत आणि प्रत्येकीला एक बार मिळे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी १७९ गुणांसह रौप्यपदक जिंकले ते यातच. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्य. पुढे रंजन सोधी यांनी २०१० मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले, श्रेयसी सिंह यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, त्याच वर्षी अंकुर मित्तल जगज्जेते झाले. पण तोपर्यंत ऑलिम्पिकचे दार बंद झाले होते. महिलांचा डबल ट्रॅप २००४ नंतर आणि पुरुषांचा २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून वगळण्यात आला. टोक्योत त्याच्या जागी मिश्र सांघिक ट्रॅप आला.

ऑलिम्पिकबाहेर काय चालते?

जगभरातील हौशी नेमबाज ऑलिम्पिकपेक्षा वेगळेच प्रकार खेळतात. अमेरिकन ट्रॅपमध्ये १५ ऐवजी एकच यंत्र असते, कोन कमी, वेग कमी आणि एका तबकडीला एकच बार. तिथल्या शाळकरी मुलांच्या स्पर्धांचा पाया हाच प्रकार आहे. अमेरिकन स्कीटमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावता येते आणि तबकडी आवाजासरशी सुटते. ब्रिटनमध्ये ‘डाऊन द लाइन’ हा प्रकार चालतो. त्यात पहिल्या बाराला तीन आणि दुसऱ्याला दोन गुण मिळतात. ‘युनिव्हर्सल ट्रेंच’मध्ये पाच यंत्रे असतात, त्यामुळे बंकरचा खर्च बराच आटोक्यात येतो.

या सगळ्यांत रंजक आहे ते ‘स्पोर्टिंग क्लेज’. झाडीतून, टेकडीवरून, ओढ्याकाठून चालत जायचे आणि प्रत्येक थांब्यावर वेगळी तबकडी. कधी सशासारखी जमिनीवरून उसळत जाणारी, कधी बदकासारखी डोक्यावरून येणारी. गोल्फच्या मैदानाप्रमाणे प्रत्येक ठिकाणचा मार्ग वेगळा, म्हणून त्याला ‘बंदुकीचा गोल्फ’ म्हणतात. हौशी माणसासाठी हा सर्वांत मजेचा प्रकार असावा, पण मैदानच प्रमाणित नसल्याने विक्रमांची तुलना करता येत नाही. ऑलिम्पिकच्या चौकटीत तो बसत नाही याचे हे मोठे कारण दिसते.

थोडे गणित

अभियांत्रिकीच्या वर्गात शिकलेला सापेक्ष वेग इथे उपयोगी पडतो. स्कीटमध्ये मधल्या स्थानावरून तबकडी साधारण २० मीटरवरून आडवी जाते. छर्ऱ्यांचा सरासरी वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर तिथे पोहोचायला सुमारे ०.०५७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटरने जाणारी तबकडी सव्वा मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे नेम तबकडीवर धरला तर बार हमखास मागून जाणार. तबकडी पुढे जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर बार टाकायचा आणि बंदूक फिरती ठेवायची.

ट्रॅपमध्ये बार साधारण ३० ते ३५ मीटरवर लागतो. तबकडी सरळ गेली तर आडवा नेम जवळपास शून्य, टोकाच्या कोनात गेली तर दीड मीटरहून अधिक. ती कोणत्या कोनात गेली हे ओळखून हा फरक ठरवायला नेमबाजाकडे सेकंदापेक्षा कमी वेळ असतो. म्हणून बंदुकाही वेगळ्या. ट्रॅपच्या बंदुकीची नळी लांब आणि टोकाला आवळलेली, म्हणजे छर्रे दूरवर एकत्र राहतात. स्कीटच्या बंदुकीची नळी टोकाला मोकळी, म्हणजे जवळच छर्रे पसरतात. ट्रॅपची बंदूक घेऊन स्कीटच्या मैदानात उतरणे म्हणजे मिठाई कापायला तलवार आणल्यासारखे.

मग कठीण कोणता?

माझ्या मते हा प्रश्नच थोडा फसवा आहे. ट्रॅप ही प्रतिक्रियेची परीक्षा आहे, तर स्कीट ही पाठांतराची. ट्रॅपच्या खेळाडूला पुढच्या क्षणी काय येणार ते माहीत नसते, त्यामुळे विचार न करता हलावे लागते. स्कीटच्या खेळाडूला सगळे माहीत असते, त्यामुळे एकही चूक माफ होत नाही. अव्वल स्कीटमध्ये १२५ पैकी १२१-१२२ गुण घेऊनही अंतिम फेरी हुकू शकते. अमेरिकेच्या व्हिन्सेंट हॅनकॉक यांनी २००८, २०१२, २०२० आणि २०२४ अशी चार वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदके स्कीटमध्ये जिंकली. तोच उतारा पुन:पुन्हा बिनचूक म्हणण्याची ही ताकद आहे. नवशिक्याला पहिली तबकडी फुटल्याचा आनंद मात्र स्कीटच्या पहिल्या-सातव्या स्थानांवर लवकर मिळतो. ऑलिम्पिक ट्रॅप नवशिक्याची फार परीक्षा घेतो.

एका प्रकारातला खेळाडू दुसऱ्यात सहज का जात नाही, याचे उत्तर यातच आहे. कसोटीतला गोलंदाज ट्वेंटी-२० खेळू शकतो, कारण चेंडू टाकण्याची क्रिया तीच राहते. इथे उभे राहण्यापासून बंदूक उचलण्यापर्यंत क्रियाच बदलते.

यादी बदलली की कोणाचे नुकसान?

ऑलिम्पिकचा हा कार्यक्रम स्थिर नाही. डबल ट्रॅप गेला, मिश्र ट्रॅप आला, पॅरिसमध्ये मिश्र स्कीट आला, लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा मिश्र ट्रॅप. डबल ट्रॅप वगळण्यामागे कारण होते महिला आणि पुरुषांच्या पदकांची संख्या समान करण्याचे. भारताला त्याचा फटका बसला, तरी तो निर्णय मला योग्यच वाटतो. समानतेच्या बाबतीत या खेळाचा इतिहास काही अभिमानास्पद नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत स्कीट खुला होता, महिला-पुरुष एकत्र खेळत. तिथे चीनच्या झांग शान यांनी सर्व पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकले. पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवला गेला आणि विजेतीला आपले पदक राखण्यासाठी उतरताच आले नाही. महिलांचा स्वतंत्र स्कीट यायला २००० साल उजाडले. तेव्हा महिलांच्या बाजूने झालेल्या बदलावर भारताने रडणे शोभत नाही.

आक्षेप आहे तो दर चार वर्षांनी मिश्र प्रकाराची अदलाबदल करण्यावर. शॉटगनचा खेळाडू घडायला आठ-दहा वर्षे लागतात. ज्या देशांकडे ट्रॅप आणि स्कीट दोन्हींची खोल फळी आहे, त्या इटली-अमेरिकेला या अदलाबदलीने फरक पडत नाही. पॅरिसच्या मिश्र स्कीटमध्ये सुवर्ण आणि रौप्य याच दोन देशांना मिळाले. फटका बसतो तो एखादी जोडी कशीबशी तयार करणाऱ्या देशांना.

हा फक्त श्रीमंतांचा खेळ आहे का?

भारतात तरी सुरुवात तशीच झाली. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी १९६२ मध्ये कैरोत जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्य जिंकले. दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजला त्यांचेच नाव आहे. रणधीर सिंह यांनी १९७८ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले तेही ट्रॅपमध्येच. २००६ चे जगज्जेते मानवजीत सिंह संधू यांचे वडीलही ऑलिम्पिकमध्ये खेळलेले. बंदूक, जमीन आणि काडतुसे घरातच असलेल्यांचा हा खेळ होता.

खर्चाचे कारण सरळ आहे. एका काडतुसाला ५० रुपये धरा. दिवसाला १०० तबकड्यांचा सराव केला आणि एकेकच बार टाकला, तरी दिवसाला ५,००० रुपये आणि महिन्याला २० दिवसांचे एक लाख रुपये फक्त काडतुसांचे. ट्रॅपमधला दुसरा बार, तबकड्या, बंदूक, प्रवास, प्रशिक्षक हे सगळे वेगळे. एअर रायफलच्या छर्ऱ्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. शिवाय एअर रायफलचा सराव दहा मीटरच्या खोलीत होतो. शॉटगनच्या रेंजपुढे छर्रे पडण्यासाठी दोन-अडीचशे मीटरची निर्मनुष्य जागा हवी. शस्त्र परवान्याची प्रक्रिया आहेच. शिशामुळे जमीन दूषित होण्याचा प्रश्नही आहे. युरोपीय महासंघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी केली आहे, त्याचे पडसाद उद्या खेळावरही उमटू शकतात.

पण ‘श्रीमंतांचा खेळ’ हे वाक्य धोरण न आखण्याची सबब होऊ नये. पॅरिसमध्ये महिलांच्या ट्रॅपचे सुवर्ण ग्वाटेमालाच्या अॅड्रियाना रुआनो यांनी जिंकले. त्या देशाचे ते इतिहासातील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. पुरुषांच्या ट्रॅपचे कांस्यही ग्वाटेमालालाच गेले. महिलांच्या स्कीटचे सुवर्ण चिलीच्या फ्रान्सिस्का क्रोव्हेटो यांना मिळाले. टोक्योत जेमतेम ३४ हजार वस्तीच्या सॅन मरिनोने पहिले ऑलिम्पिक पदक मिळवले तेही ट्रॅपमध्ये. लोकसंख्या आणि सकल उत्पन्न यांवर या खेळाची पदके ठरत नाहीत. ठरतात ती वर्षानुवर्षे फुटलेल्या तबकड्यांच्या संख्येवर.

भारतात याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. मध्य प्रदेश सरकारने भोपाळमध्ये नेमबाजी अकादमी उभी केली आणि शॉटगनची काडतुसे सरकारी खर्चातून दिली. त्यातून मच्छीमार कुटुंबातली मनीषा कीर आली, इटारसीतल्या कपडे धुलाईचा व्यवसाय करणाऱ्या घरातली प्रीती रजक आली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या दोघींनी राजेश्वरी कुमारीसह महिला ट्रॅपचे सांघिक रौप्य जिंकले. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या ट्रॅप संघाने सुवर्ण मिळवले. वाडा बदलला नाही, फक्त त्याचे दार उघडले, तर काय होते याचे हे उदाहरण.

महाराष्ट्र कुठे आहे?

अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमधील कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे. नेमबाजीत महाराष्ट्राचा दबदबा मोठा आहे, पण ही सगळी नावे रायफल किंवा पिस्तूलमधली आहेत. कोल्हापूरच्या शाळकरी मुलाला रायफल हाती घ्यावीशी वाटते, कारण त्याच्या शहरातून कोणीतरी गेलेले त्याने पाहिले आहे. शॉटगनमध्ये असे घरोघरी माहीत असलेले मराठी नाव सांगता येत नाही. याला गुणवत्तेचा अभाव कसे म्हणणार? मुलांना तबकडी पाहायलाच मिळत नाही.

करायचे काय?

पहिली गोष्ट, मिश्र प्रकारांच्या मागे धावू नये. ते बदलत राहणार. वैयक्तिक ट्रॅप आणि स्कीट मात्र पुरुष आणि महिला दोन्ही गटांत टिकून आहेत. तिथे प्रत्येकी आठ-दहा जणांची फळी असेल, तर मिश्र जोडी कोणतीही निघाली तरी जुळवता येईल. दुसरी, ट्रॅप आणि स्कीटचा हिशेब वेगळा ठेवावा. दोन्हींचे प्रशिक्षक वेगळे, निवडीचे निकष वेगळे आणि पराभवाची कारणमीमांसाही वेगळी हवी. ‘शॉटगनमध्ये अपयश’ या एका ओळीत दोन्ही गुंडाळले की कोणाचेच दुखणे कळत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, राज्यांनी काडतुसांचा खर्च उचलावा. भव्य रेंज बांधून फीत कापणे सोपे असते, रोजची काडतुसे पुरवणे कंटाळवाणे. पण खेळाडू घडतो तो या कंटाळवाण्या खर्चातून. महाराष्ट्राने पाच यंत्रांचा एक साधा बंकर आणि एक स्कीटचे मैदान मोकळ्या माळावर उभारले आणि तीस मुलांच्या काडतुसांची पाच वर्षे हमी घेतली, तरी सुरुवात होईल.

पॅरिसमध्ये फुटायची राहिलेली ती तबकडी शातोरूच्या मैदानावर एका क्षणात निसटली, असे आपल्याला दिसले. चीनची जोडी तिथे पोहोचली ती किती तबकड्या फोडून आणि आपली जोडी किती, हा हिशेब मात्र त्या क्षणाच्या कितीतरी वर्षे आधी मांडला गेला होता. लॉस एंजेलिसचा हिशेबही आत्ताच मांडला जातो आहे.